खांबाखालचा कोळसा

तेरेकसाय, ३ जून

आके,

सलाम. हे पत्र शारिप ड्रायव्हरच्या हाती देते आहे. टपालाने पाठवलं असतं तर पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही ते न फोडताच परत धाडलं असतं. फोन तर तुम्ही उचलतच नाही. शारिपला मी बजावलं आहे, की पत्र तुमच्या हातात ठेवायचं आणि तुम्ही ते उघडेपर्यंत समोरून हलायचं नाही. तो म्हणाला, "एजे, तुमचे भाऊ करवतीच्या कारखान्यात आहेत ना? मग मी जरा लांबच उभा राहतो."

सख्ख्या भावाला अकरा वर्षांनी पत्र लिहायचं म्हणजे काहीतरी कारण असणार, असं तुमच्या मनात आलंच असेल. कारण काही नाही. गवत कमरेएवढं झालं आहे, अक्रोडाला बोराएवढी फळं धरली आहेत आणि माझ्याकडे पाच विद्यार्थी राहायला आहेत. त्यांच्या खाण्याच्या वेगावरून सांगते, पत्र लिहिणं ही माझी एकमेव विश्रांती आहे.

ही पाच मुलं शहरातल्या वनविद्यालयातली. यंदाच्या वनगणनेवर त्यांना पाठवायचं, त्याआधी दोन महिने त्यांना नकाशे आणि जीपीएस शिकवायचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही हसाल. ताश्कंदला पाच वर्षं संस्कृत शिकलेली मुलगी जंगल मोजायला शिकवते. पण मी पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा जी सरकारी खाती मला नोकरी देणार होती ती खातीच काय, तो देशच उरला नव्हता. पुढे परदेशी नकाशेवाल्यांची दुभाषी झाले आणि दुभाष्याचं काम करता करता त्यांची विद्या हाती लागली. भाषांतर करणाऱ्याला अर्थ कळत नाही असं लोक समजतात आणि त्याच्यासमोर सगळं बोलून टाकतात.

पाच जणांत दोन यंत्रं. ज्याच्या हातात यंत्र तो पायांकडे बघत नाही. परवा आमचा तिलेक पडद्याकडे बघत बघत ओढ्यात उतरला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून मला म्हणाला, "एजेके, नकाशाप्रमाणे इथे ओढा नाही." मी म्हटलं, मग तुझे पाय कोरडे असतील.

सगळं जंगल कोणी मोजत नाही. ठरावीक अंतरावर गोल आखायचे, त्यातली झाडं मोजायची आणि त्यावरून साऱ्या डोंगराचा अंदाज बांधायचा. आमचे पंडित याला स्थालीपुलाकन्याय म्हणत. हंडीतलं एक शीत दाबून भात शिजला का ते पाहायचं. मुलांना हे लगेच पटलं. एकाने एवढंच विचारलं, की नेमकं कच्चं शीत हाताला लागलं तर? असले प्रश्न विचारणाऱ्यांना मी लाकडं फोडायला पाठवते.

गणना ऑगस्टमध्ये संपेल. तिच्यावरून जंगलातल्या वाट्यांचे पट्टे, म्हणजे भाडेकरार, होणार आहेत, या खेपेला पन्नास वर्षांचे. पंधरा ऑगस्टला सह्या.

जाता जाता एक. सत्त्याऐंशी साली तुम्ही आणि अतांनी हद्दीचे खांब रोवलेत, तेव्हा त्यांच्याखाली काही पुरलं होतं का? मला एवढंच आठवतं की त्या शरदात तुम्ही बापलेक घरी यायचात तेव्हा हात कोपरापर्यंत काळे असायचे आणि आई तुम्हाला उंबऱ्याबाहेर उभं करून पाणी ओतायची. मुलं विचारत होती, म्हणून.

तुमची धाकटी,
सायरा


१७ जून

आके,

शारिप म्हणतो, पत्र उघडलंत. वाचलंत की नाही ते त्याला सांगता आलं नाही, कारण तो खरोखरच लांब उभा होता. उत्तर आलं नाही, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

इथे जरा गोंधळ झाला आहे. नकाशात.

बेगायिम नावाची मुलगी आहे. पाचांत सगळ्यात कमी बोलते आणि दिवसभर काल्मुर्झा अक्सकालच्या मागे मागे फिरते. आपल्या पश्चिमेच्या या म्हाताऱ्या शेजाऱ्याला तुम्ही विसरला नसाल. आता सत्तरी ओलांडली, पण अजून शेळीसारखा चढतो. त्याने तिला हद्दीचे खांब दाखवले, म्हणजे हल्लीचे. आणि मग म्हणाला, ये पोरी, तुला जुन्या खांबांचे खड्डे दाखवतो. खाजऱ्या पाल्याने भरलेले तीन खड्डे त्याने दाखवले. बेगायिमने हल्लीच्या खांबापासून प्रत्येक खड्ड्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. नव्वद. नव्वद. एकोणनव्वद. सगळे पश्चिमेला.

संध्याकाळी सगळ्यांसमोर तिने विचारलं, "एजेके, सगळे खांब एकाच बाजूला कसे चुकले? माणसं चुकतात तेव्हा चहूकडे चुकतात."

मी तिला पाणी आणायला पाठवलं. दोन्ही बादल्या भरलेल्या होत्या. तिने त्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं, एक बादली ओतून दिली आणि पाण्याला गेली.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागत नाही. चार वेळा घर झाडलं. तिलेक म्हणतो, एजेके, आता फरशी झिजेल. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. वारा नाही तरी दारं आपटल्यासारखी वाटतात.

खांबांखाली काय पुरलं होतं, तेवढं कळवा.

सायरा


२९ जून

आके,

गेल्या दोन पत्रांत मी तुम्हाला मुलांच्या गमती सांगत बसले. एखाद्याच्या अंगणात शिरायचं असेल तर आधी त्याच्या कुत्र्याशी गप्पा मारतात, तसं. आता दार वाजवते.

अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस तुम्ही विसरला नसाल, पण मला तो कसा आठवतो ते ऐका. परदेशी मंडळी निघून गेली होती आणि नकाशा पुरा करायचं काम माझ्यावर होतं. गावातली पहिली नकाशेवाली मी; वनकचेरीतले साहेबसुद्धा मला आधी बसा म्हणायचे. मी जुन्या कागदी नकाशावरचे आकडे उचलले, संगणकात घातले आणि संगणकाने हद्दी आखून दिल्या. जमिनीवरचे खांब त्या हद्दींवर बसेनात. तेव्हा कचेरीने हुकूम काढला, खांब उपटा आणि नकाशाप्रमाणे रोवा. तुम्ही वनरक्षक होतात. आपल्या वाट्याच्या पश्चिमेकडच्या खांबाला तुम्ही हात घालून उभे राहिलात. म्हणालात, हा खांब मी आणि अतांनी रोवलाय. आणि मी चार माणसांदेखत म्हटलं, "आके, अता चुकू शकतात, उपग्रह चुकत नाही."

तुम्ही त्याच आठवड्यात नोकरी सोडलीत आणि दोन महिन्यांनी गाव.

उपग्रह चुकला नव्हता, हे खरं आहे. मी चुकले होते. जुने नकाशे काढणाऱ्यांनी पृथ्वीचा एक गोळा मानला होता, उपग्रहवाले दुसरा मानतात. दोन्ही गोळे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकमेकांवर नेमके बसत नाहीत. एकाचे आकडे दुसऱ्यात घालण्याआधी ते बदलून घ्यावे लागतात. आता मी हे मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. तेव्हा मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. मी आकडे जसेच्या तसे घातले आणि सारं तेरेकसाय पासष्ट मीटर, म्हणजे नव्वद पावलं, पूर्वेला सरकलं.

बाकीच्यांना ते कळलं नाही. प्रत्येकाने पश्चिमेची झाडं सोडली आणि पूर्वेच्या शेजाऱ्याची घेतली. अक्रोड देऊन अक्रोड. रांगेत शेवटचे आपण. आपली नव्वद पावलं, म्हणजे जवळजवळ सगळा वाटाच, काल्मुर्झाकडे गेली आणि बदल्यात आपल्याला दरडीचे दगड मिळाले. दगडांचा पट्टा कोण करील? तुमचं नाव कागदावरून निघालं आणि तुम्ही करवतीवर गेलात.

हे मला बेगायिमने विचारलं त्या क्षणी कळलं, असं लिहिणार होते. तसंही नाही. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा मुलांना हा धडा शिकवताना फळ्यापाशीच माझा हात थांबला होता. नंतर मी स्वतःची समजूत घातली, की आता सगळं स्थिरावलं आहे, कोणाची तक्रार नाही, पट्टे पाच पाच वर्षांचे आहेत, बघू पुढे. या खेपेला ते पन्नास वर्षांचे होणार. पंधरा ऑगस्टला चुकीच्या रेषेवर सह्या झाल्या, तर तुमचा वाटा तुमच्या नातवंडांनाही मिळणार नाही. हे सांगितलं तर माझा नकाशे काढायचा परवाना जाईल. वनविद्यालय त्यानंतर मला स्वयंपाकाला ठेवील की नाही, शंका आहे.

उद्या वनकचेरीत जाते. बेगायिम बरोबर येणार म्हणते. म्हटलं, कशाला? म्हणाली, "पाणी आणायला पाठवलंत तर तिथे विहीर लांब आहे."

सायरा


१२ जुलै

आके,

बादलीभर कागद घेऊन गेलो आणि घमेलंभर हसू घेऊन परतलो.

पट्टे देणाऱ्या समितीचे प्रमुख सातिवाल्दी साहेब. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. मी गोळे समजावून सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "सायरा एजे, अकरा वर्षांपूर्वी तुमचा संगणक म्हणाला खांब पूर्वेला, आम्ही नेले. आज तो म्हणतो पश्चिमेला. पुढच्या वर्षी त्याला दक्षिण आवडली तर?" बाकीचे खूप हसले. मलाही हसायला आलं, हे सगळ्यात वाईट.

तेव्हा बेगायिमने पिशवी उघडली. त्या तीन खड्ड्यांत मुलांनी मीटरभर खाली खणलं होतं आणि तिन्ही ठिकाणी कोळसा निघाला होता. घट्ट दाबलेला, मुठीएवढे तुकडे. ते तिने टेबलावरच्या हिरव्या कापडावर मांडले. (ते कापड आता कामाचं नाही.) कोळसा कुजत नाही, म्हणून तुमच्या वेळी मोजणीवाले खांबाखाली तो पुरत असावेत. खांब सडो, कोणी उपटो, खालची खूण राहते. मला आठवणाऱ्या तुमच्या काळ्या हातांचा हा अर्थ. तुम्ही अजून सांगितलेलं नाही, पण तुमच्या मौनापेक्षा कुदळ लवकर बोलली.

साहेबांनी बोटाने तिन्ही ढीग मोजले. मग त्यांनी विचारलं, चौथा?

चौथा म्हणजे आपला. आपल्या वाट्याच्या पश्चिमेचा, ज्याला तुम्ही हात घातला होतात. आणि तिथेच सगळं अडतं, आके. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना पक्कं आठवतं, की तो खांब मोठ्या अक्रोडाच्या पलीकडे होता, म्हणजे मोठा अक्रोड आपल्यात. तिथे खड्डाही आहे. पण हल्लीच्या खांबापासून तिथवर नव्वद पावलं होत नाहीत. एकशेतीस होतात. माझ्या हिशोबाप्रमाणे खांब मोठ्या अक्रोडाच्या अलीकडे असायला हवा, चाळीस पावलं आपल्या बाजूला. आणि त्या खड्ड्यात खणलं तर कोळसा नाही.

मी काल्मुर्झाला समितीपुढे बोलावलं. वाटलं, झाड त्याच्याकडेच राहतंय तर तो तरी म्हणेल की खांब अलीकडे होता. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "खांब झाडाच्या पलीकडे होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलाय." स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

साहेब म्हणाले, "झालं तर. तीन ठिकाणी मेंढपाळांनी शेकोट्या केल्या असतील. चौथ्या ठिकाणी नसेल केली." मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. म्हणाले, तुमच्या हिशोबाच्या जागी खणून दाखवा. पण एकच खड्डा. अक्रोडांच्या मुळांना जागोजाग कुदळ लावलेली मी चालवून घेणार नाही. एका खड्ड्यात कोळसा निघाला तर सगळी रेषा परत नेऊ, नाही निघाला तर आहे ती कायम.

आता सांगते ते नीट ऐका. माझा हिशोब नेम धरून एका खड्ड्यावर बोट ठेवू शकत नाही. झाडांखाली यंत्र अडखळतं, जुना कागद आखडलेला आहे. मी फार तर पंधरा पावलांचं एक वर्तुळ सांगू शकते. त्या वर्तुळात मीटरभर रुंदीचा एक खड्डा कुठे खणायचा, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे.

खांब रोवताना तो हलवून हलवून बघतात, तेवढा तो पक्का होतो, असा आमच्या पंडितांचा एक न्याय आहे. मी तुम्हाला हलवते आहे असं समजा. पण हेही लिहायला हवं, की तुम्ही काय सांगाल त्याची मला धास्ती वाटते. खांब झाडाच्या पलीकडेच होता म्हणालात, तर माझा हिशोब खोटा आणि तुमचा वाटा गेला. अलीकडे होता म्हणालात, तर तो पलीकडे कसा गेला, हा प्रश्न उरतो. त्या खांबापाशी दोनच माणसं होती. एक तुम्ही. दुसऱ्यांची कबर मी दर शुक्रवारी झाडते.

जे असेल ते लिहा. मोठा अक्रोड जाईल म्हणून काही वेगळं लिहू नका. आणि मला बरं वाटावं म्हणूनही नको.

सायरा


३० जुलै

आके,

तुमचं उत्तर मिळालं. सोळा दिवस रोज बसथांब्यावर जात होते. शारिप दुरूनच मान हलवायचा आणि मी कांदे घ्यायला आल्यासारखी कांदे घेऊन परतायचे. घरात आता इतके कांदे आहेत, की मुलं माझ्यापासून वाऱ्याच्या उलट बाजूला बसतात. परवा त्याने मान हलवली नाही. कारखान्याच्या खोक्याचा एक पुठ्ठा दिला, पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेला. अकरा वर्षांत तुमचं अक्षर सुधारलेलं नाही.

"मोठ्या अक्रोडापासून पूर्वेला पस्तीस पावलं. माझी, तुझी नाहीत. बसलेल्या शेळीसारखा दगड आहे, त्याच्या मानेच्या बाजूला दीड हात. ब्याण्णवच्या हिवाळ्यात अतांनी खांब हलवला. मी धरला होता."

सलाम नाही, सही नाही. मी तो पुठ्ठा किती वेळा वाचला ते विचारू नका.

पहिल्यांदा राग आला, खरं सांगते. अकरा वर्षांपूर्वी त्या खांबाला मिठी मारून अतांची शपथ घालणारा माणूस, आणि खांबच हलवलेला! म्हणजे मी तुमच्यावर उपग्रह फेकला आणि तुम्ही माझ्यावर अता. मग ध्यानात आलं, की तुम्ही पलीकडे लिहिलं असतंत तरी कोणी तुम्हाला खोटं पाडलं नसतं. सगळा गाव तुमच्या बाजूने होता, शेजारीसुद्धा.

काल खणलं. सातिवाल्दी साहेब घडीची खुर्ची घेऊन आले होते. तुमची पावलं चालायला तुमच्या उंचीचा कोणी हवा, म्हणून तिलेकला चालवलं. दगड सापडला. मला तो शेळीसारखा मुळीच वाटला नाही, पण काल्मुर्झा म्हणाला, तुझ्या भावाला, एसेनबायला, सगळे दगड शेळ्याच दिसायचे. मानेची बाजू कोणती यावर पाच मिनिटं वाद झाला. एका हाताच्या खोलीला काही नाही. दोन हातांना काही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी खड्ड्याकडे पाठ करून उभी होते आणि उगीच झाडांच्या फांद्या मोजत होते. मग कुदळीचा आवाज बदलला आणि बेगायिम म्हणाली, "काळं."

चार ओंजळी भरतील एवढा कोळसा होता. साहेबांनी स्वतः वाकून एक तुकडा उचलला, बोटाने घासून पाहिला आणि बराच वेळ बोट रुमालाला पुसत राहिले. म्हणाले, रेषा परत जाईल.

मुलं उड्या मारत होती. मी काल्मुर्झाकडे गेले. विचारलं, तुला माहीत होतं ना?

तो म्हणाला, "सगळं ठाऊक होतं. ब्याण्णव साली गाठींचे व्यापारी आले होते, ते तुला कुठलं आठवणार, तू ताश्कंदला. बुंध्यावर गाठ असलेलं अक्रोडाचं झाड दिसलं की त्या गाठीच्या महागड्या नक्षीदार लाकडासाठी कापायचे. कचेरीने त्यांना यादी दिली होती, कोणत्या वाट्यातली किती झाडं. माझ्या वाट्यातलं हे मोठं झाड तेवढं एक होतं. तुझ्या बापाच्या वाट्यातलं एकही नव्हतं. तो संध्याकाळी आला, म्हणाला, काल्मुर्झा, तुझा खांब जरा हलवतो. मी म्हटलं, हलव. दुसऱ्या दिवशी व्यापारी आले तेव्हा माझ्या हद्दीत गाठीचं झाडच नव्हतं."

मी म्हटलं, मग व्यापारी गेल्यावर परत का नाही आणला?

"ते मी त्याला विचारलं नाही. त्याने मला सांगितलं नाही. एकवीस वर्षं झाडाचे अक्रोड तुमच्या घरी गेले. झाड उभं राहिलं हे खरं, अक्रोड तुम्ही खाल्लेत हेही खरं." मग म्हणाला, "समितीपुढे काय सांगायचं होतं मी? मेलेल्या माणसाचा खांब सरकवून दाखवायचा? त्यापेक्षा तुझं गणित चुकलेलं बरं. तू जिवंत आहेस, शिव्या खाऊ शकतेस."

आके, अतांनी चांगलं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्हाला येतं का? बेगायिम संध्याकाळी विचारत होती, अहवालात चौथ्या खांबाबद्दल काय लिहू. मी म्हटलं, जिथे कोळसा तिथे खांब, आणि जिथे खांब होता तिथे कोळसा नव्हता, दोन्ही लिही. म्हणाली, कारण? म्हटलं, कारण तुला विचारलेलं नाही.

मोठा अक्रोड काल्मुर्झाकडेच राहिला. बाकीची नव्वद पावलं तुमची. पंधरा तारखेला पट्टेदाराने स्वतः हजर राहून सही करायची असते, दुसऱ्याची चालत नाही. तुम्ही आला नाहीत तर वाटा कचेरीकडे जाईल.

या म्हणून लिहीत नाही. तारीख कळवते.

सायरा


१४ ऑगस्ट

आके,

हे पत्र शारिपकडे देणार नाही, कारण तुम्ही अंगणात बसला आहात.

काल दुपारी बसमधून उतरलात तेव्हा मी तुम्हाला ओळखलं नाही. शारिपने सामान काढून दिल्यावर ओळखलं. तुम्ही म्हणालात, कांदे फार दिसतात घरात. मी म्हटलं, स्वस्त होते. अकरा वर्षांनंतरचं आपलं संभाषण एवढंच, त्यानंतर तुम्ही मुलांशी बोलता आहात आणि मी स्वयंपाकघरात आहे. मधे एकदा चहाचे पियाले घेऊन आले, तर तुम्ही तिलेकला चढावर पाऊल आखूड कसं पडतं ते चालून दाखवत होतात. पियाले ठेवले आणि आत गेले. सायीचा कायमाक आणायला विसरले म्हणून परत आले, तुम्ही म्हणालात, राहू दे. पाच वेळा दारापर्यंत येऊन मागे फिरले आहे. सहाव्यांदा वही घेतली.

उद्या नऊ वाजता सह्या. सोबत जोडलेला कागद वाचा. रेषा बदलण्याचं कारण लिहायचा रकाना त्यात आहे. गेल्या आठवड्यात सातिवाल्दी साहेब म्हणाले, एजे, तिथे आपण 'जुन्या यंत्रांची मर्यादा' असं लिहू. यंत्राला कोणी बडतर्फ करत नाही. कचेरीनेच नकाशा मंजूर केला होता, तेव्हा त्यांचीही अब्रू राहते आणि माझा परवानाही. मी हो म्हटलं. तसा कागद टंकून झाला, माझी सहीही झाली.

सकाळी तुम्ही वाट्यावर जाऊन आलात. दरडीपाशी तुम्ही किती वेळ उभे होतात ते बेगायिमने सांगितलं. तिने मुद्दाम सांगितलं नाही, ती काहीच मुद्दाम सांगत नाही. दगडांवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवता येतील का, असं तुम्ही तिला विचारलंत म्हणे; म्हणजे उद्या रेषा पुन्हा फिरली आणि दगडच तुमच्या वाट्याला राहिले तर. ते ऐकून मी तो कागद फाडला.

नवा कागद माझ्या हातचा आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: नकाशाचे आकडे न बदलता वापरले गेले, ते सायराने वापरले. ही तिची चूक, आणि सहा वर्षं तिला ती माहीत होती. दुपारी कचेरीत साहेब तो वाचून म्हणाले, एजे, हे वरपर्यंत जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. परवान्याचं काय होईल ते पुढच्या महिन्यात कळेल. बेगायिमला मी सांगितलं आहे, की गोलांची उरलेली मोजणी तिने पुरी करून घ्यायची. ती म्हणाली, तुम्ही नसलात तर आम्हाला लाकडं फोडायला कोण पाठवणार?

एवढ्या पत्रांत मी चूक सांगितली, कारणं सांगितली, गोळे समजावले. एक गोष्ट मात्र लिहिली नाही. ती कागदावर लिहिली तर तुम्ही घडी घालून खिशात ठेवाल आणि खिशात ठेवलेल्या गोष्टींचं तुम्ही काय करता ते मला माहीत आहे.

म्हणून हे पत्र बेगायिमच्या हाती बाहेर पाठवते. तुम्ही सावकाश वाचता. मी दाराच्या आत उभी आहे; वाचून संपलं की पियाला खाली ठेवा, म्हणजे मी बाहेर येईन आणि तोंडाने माफी मागेन.

सायरा